पावसाळ्यात बाईक उभी ठेवायची आहे? गोव्यातल्या घरांसाठी नेहमीचे प्रश्न

मे उतरला की हे प्रश्न सुरू होतात. कुणी तारवटी बोटीवर चाललेला असतो, कुणाच्या मुलीला पुण्यात नोकरी लागलेली असते, कुणाकडे सीझनला भाड्याने द्यायच्या दहा गाड्या असतात आणि जूनमध्ये गिऱ्हाईक आटतं. मी मेकॅनिक नाही. राहतो डिचोली तालुक्यात. मेव्हणा जहाजावर असतो आणि त्याची बाईक आमच्या पडवीत. पहिल्या पावसात ती मी माझ्या हाताने सडवली. तेव्हापासून जे शिकलो, ते खाली आहे.

सगळीकडे ‘हिवाळ्यात बाईक कशी ठेवावी’ असंच वाचायला मिळतं. ते आपल्याला चालतं का?

अर्धं चालतं. ते लिहिलंय बर्फाच्या मुलखातल्या लोकांनी. तिकडे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, कूलंट गोठायची भीती असते, म्हणून चार महिने गाडी गॅरेजात बंद. आपल्याकडे डिसेंबर हा गाडीचा कमाईचा महिना. आपला ‘हिवाळा’ जून ते सप्टेंबर. वर्षाचा साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. मीठ रस्त्यावर नसतं, किनारपट्टीच्या हवेतच असतं.

बॅटरी, पेट्रोल, ऑइल यांचे त्यांचे सल्ले इथेही खरे. फक्त एक गोष्ट उलटी करायची. त्यांच्याकडे गाडी गुंडाळून ठेवतात. इथे गुंडाळलेली गाडी आतून घामेजते. आपला हिशेब असा: जी भोकं इंजिनात आणि टाकीत जातात त्यांना बोळा किंवा जाळी, बाकी सगळी गाडी वाऱ्यावर.

किती दिवस उभी राहणार असेल तर एवढा खटाटोप करायचा?

तीन आठवड्यांपर्यंत काही नको. धुवा, वाळवा, चेनला तेल द्या, सावलीत लावा. महिन्याच्या वर गेलं तर बॅटरी आणि पेट्रोल बघा. दोन महिन्यांच्या वर असेल तर हे पान शेवटपर्यंत वाचा.

कधी सुरुवात करू?

मिरगाआधी. मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनच्या सुमारास, आणि मान्सूनही गोव्यात साधारण तेव्हाच पोचतो. पण वळीव मेमध्येच दोनदा तरी झोडपून जातो. तुम्हाला हवेत दोन कोरडे, कडक उन्हाचे दिवस. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ते हमखास मिळतात, जूनमध्ये नशिबावर.

पहिल्या दिवशी गाडी धुवा. मडगार्डच्या आतली तांबडी माती, चेन-कव्हरमागचा चिखल, इंजिनाच्या पंखांतला धुरळा, सगळं. ही माती पाणी धरून ठेवते, आणि तिच्याखाली पत्रा गुपचूप गंजतो. किनाऱ्यावर फिरलेली गाडी असेल तर साध्या पाण्याने दोनदा. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि हँडलच्या नळीवर मारू देऊ नका, ग्रीस निघून पाणी आत बसतं. धुतल्यावर दहा किलोमीटर चालवून आणा. ब्रेकमधलं, चेनमधलं, कोपऱ्याकोपऱ्यातलं पाणी उडतं. मग उन्हात ठेवा. बाकीची कामं दुसऱ्या दिवशी.

टाकी भरून ठेवू की रिकामी करू?

सगळ्यात जास्त वाद याच्यावर. लोखंडी टाकी असेल तर भरून ठेवा, गळ्याच्या खालच्या कडेपर्यंत.

कारण सोपं आहे. अर्धी टाकी म्हणजे अर्धी हवा. दिवसा ती फुगते, बाहेर जाते. रात्री आकसते आणि नवी ओली हवा आत ओढते. त्या हवेतला दमटपणा टाकीच्या वरच्या कोऱ्या पत्र्यावर बसतो आणि तिथे गंज धरतो. झाकण उघडून टॉर्च मारला तर पेट्रोल स्वच्छ दिसतं. आतून छतावर हात फिरवला की बोटं तांबडी होतात.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी पितं. थोडं पाणी ते मुरवून घेतं. मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. फ्युएल पंप नेमका तिथेच असतो. टाकीत हवा कमी असली की हे होण्याची शक्यता कमी. पेट्रोल टिकवणारं फ्युएल स्टॅबिलायझर ऑनलाइन मिळतं. ते घातलंत तर नंतर दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. उभी करून वरून ओतलं तर फक्त टाकीतच राहील.

जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर आणखी एक काम. पेट्रोल कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. मग कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा. इंजिन बंद पडलं तरी आत चमचाभर पेट्रोल उरलेलं असतं. तेच उडून जाताना मागे डिंकासारखा चिकटा सोडतं, आणि पेट्रोल जिथून जातं त्या पायलट जेटचं भोक केसाएवढं. ऑक्टोबरात ‘कीक मारून पाय दुखला पण चालू होईना’ म्हणतात त्या गाड्यांचं दुखणं बहुतेक वेळा हेच निघतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवर हा प्रयोग करू नका. कोरडा पंप चालवणं त्याला मानवत नाही.

भरलेली टाकी घरात ठेवताना एक लक्षात असू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकते. पडवीत गॅसची शेगडी, समई किंवा तुळशीचा दिवा जवळ असेल तर गाडी दुसरीकडे लावा.

इंजिन ऑइल परत आल्यावर बदललं तर नाही का चालणार?

आधीच बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं आणि ओलावा असतो. ते ऑइल चार महिने बेअरिंगला चाटत बसणार. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम असतानाच काढा, नवीन घाला, दोन मिनिटं चालवून बंद करा.

प्लग काढून आत तेल सोडतात म्हणे. खरं की गॅरेजवाल्यांच्या गोष्टी?

खरं. तीन महिन्यांच्या वर गाडी उभी राहणार असेल तर प्लग काढून चहाचा एक चमचा स्वच्छ इंजिन ऑइल आत सोडा, इग्निशन बंद ठेवून चार-पाच वेळा हळूहळू कीक मारा, प्लग परत लावा. सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर बसतो. खोबरेल चालेल का, असं मला दोघांनी विचारलंय. नाही चालणार. थंडीत ते थिजतं आणि ठेवलं की खवटतं. ज्या मोठ्या गाड्यांचा प्लग टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाही, तिथे हे काम मेकॅनिकवर सोपवा किंवा सरळ सोडून द्या.

बॅटरी काढायलाच हवी का?

हो. ती तशीच जोडलेली राहिली तर घड्याळ, अलार्म असलं काही ना काही थोडा थोडा करंट खात राहतं. त्यात उकाड्यात बॅटरी स्वतःहून उतरण्याचा वेगही वाढतो. थंड देशांतल्या सल्ल्यात ही बाजू नसते.

काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना आधी प्लस. उलटं केलंत आणि प्लसवरचा पान्हा चासीला टेकला तर ठिणगी उडते. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुकटी जमली असेल तर खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने धुवा, वाळवा, वर व्हॅसलीनचं बोट फिरवा.

घरात, कोरड्या फळीवर ठेवा. सिमेंटच्या लादीवर ठेवली की बॅटरी उतरते असं आमच्या गावात अजून म्हणतात. जुन्या काळी बॅटरीचं खोकं कडक रबराचं असे, तेव्हाची ती गोष्ट. आताच्या प्लास्टिकच्या खोक्याला लादीने काही होत नाही.

महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर भरलेली. १२.४ च्या खाली आली की चार्ज करा. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या साधारण दहावा भाग हवा, म्हणजे ५ अँपिअर-अवर बॅटरीला अर्धा अँपिअर. कारच्या मोठ्या चार्जरवर लावून रात्रभर विसरलात तर सकाळी फुगलेली मिळेल. भरली की आपोआप थांबणारा छोटा चार्जर घेतलात तर तो एका नव्या बॅटरीच्या पैशात वसूल होतो. मीटरही नाही, चार्जरही नाही, अशा वेळी बॅटरी गॅरेजमध्ये देऊन महिन्याला एकदा चार्ज करून घ्या.

बाबा दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करतात. तेवढं पुरे ना?

ही सवय मोडणं सगळ्यात कठीण, कारण ती प्रेमापोटी असते. पण गाडीचं त्यात नुकसान होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर नीट तापले तर ते बाहेर जातं. पाच मिनिटांत काही तापत नाही. वाफ सायलेन्सरमध्ये थंड होऊन पाणी बनते, थोडी ऑइलमध्येही उतरते. सायलेन्सर आतून कुजतो आणि एक दिवस खालून भोक पडतं. सेल्फ स्टार्टने बॅटरीतून जेवढं काढलं तेवढंही पाच मिनिटांत परत भरत नाही.

घरात चालवणारं कुणी असेल तर मग गाडी उभीच करू नका. उघडीप मिळाली की पंधरा-वीस किलोमीटरचा फेरफटका मारा, आमच्याकडून साखळी गावाला जाऊन येण्याएवढा. चालवणारं नसेल तर चालूही करू नका. बाबांना काम द्या: दर रविवारी दोन्ही चाकं हाताने फिरवायची, ब्रेक आणि क्लच चार-चार वेळा दाबायचे, बसल्या बसल्या कुठे बुरशी दिसते का बघायचं.

गाडी कशाने झाकू?

इथे माझी गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या हुशारीने निळी ताडपत्री आणली, गाडी वरपासून टायरपर्यंत गुंडाळली, सुतळीने आवळली. पडवीत झड येते म्हणून. जूनच्या सुरुवातीला बांधली, ती चवथ झाल्यावर सोडली. सुतळी कापली तेव्हा आधी वास आला, बंद कपाटातल्या ओल्या चादरीसारखा. सीटवर शिळ्या भाकरीवर येते तशी पांढरी-हिरवी लव. स्पोक तांबडे. मीटरच्या काचेत आतून थेंब. ताडपत्रीच्या आतल्या बाजूने हात फिरवला तर हात ओला. पावसाचा एक थेंब आत गेला नव्हता. जमिनीतून वर आलेली वाफ आतच अडकली होती. मेव्हणा आला, बघितलं, काही बोलला नाही. बहीण मात्र बोलली.

आता मी जुनी सुती चादर टाकतो, खालून हातभर उघडी. खाली एक फळी, म्हणजे टायर ओल्या जमिनीला टेकत नाहीत. झड अडवायला ताडपत्री आहेच, पण ती गाडीवर न घालता पडवीच्या वाशांना बांधतो, गाडीपासून दोन हात लांब. माडाच्या चुडतांचा आडोसा केलात तरी उत्तम, त्यातून वारा खेळतो. बाजारातलं कव्हर घेणार असाल तर हवा जाणाऱ्या कापडाचं घ्या. सीटवर आणि रबरावर चादर घालण्याआधी कोरडं फडकं फिरवा, चेनच्या तेलाचा हात सीटला लावू नका. पंधरा दिवसांतून एकदा उघडीप असेल तेव्हा चादर काढून गाडीला हवा द्या. मला तरी हे एक काम बाकी सगळ्यांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

आणि गाडी माडाखाली लावू नका. टाकीवर नारळ पडल्यावर काय होतं ते शेजाऱ्याच्या गाडीवर पाहिलंय.

कुठली भोकं बंद करायची, आणि कशासाठी?

उंदरांसाठी आणि कुंभारीण माशीसाठी.

पडवीत उकड्या तांदळाची पोती असतील तर उंदीर असणारच. पावसात त्यांना कोरडी जागा हवी असते आणि एअर फिल्टरचा डबा म्हणजे त्यांना आयती खोली. आमच्याकडच्या डब्यात काथ्या, सीटचा कुरतडलेला फोम आणि कुठल्याशा देवळाच्या पावतीचे तुकडे, असं व्यवस्थित घरटं निघालं. फिल्टरचा कागद कुरतडून आतपर्यंत वाट केलेली. गाडी तशीच चालू केली असती तर ते सगळं इंजिनात गेलं असतं. डब्याच्या तोंडावर बारीक तारेची जाळी बांधा. डांबराच्या गोळ्या टांगून पाहिल्या. आमच्या उंदरांनी त्यांची दखल घेतली नाही. पोती हलवली तेव्हा फरक पडला.

सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर तोंडात तेलाचा हात दिलेल्या फडक्याचा बोळा घाला. त्याचं टोक लाल आणि लांब ठेवा, विसरायला नको. सायलेन्सरच्या पोटाशी पाणी निघायला बारीक भोक असतं, ते मात्र उघडंच ठेवा.

कुंभारीण जास्त कावेबाज. मातीची घरटी करणारी ही माशी पेन्सिलीएवढं भोक दिसलं की बुजवते. एका मित्राची गाडी पावसानंतर तीन किलोमीटर चालायची आणि बंद पडायची. दहा मिनिटांनी परत चालू. प्लग बदलला, कॉइल बदलली, पैसे गेले. एक दिवस बंद पडल्यावर त्याने सहज टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू. टाकीची हवा घ्यायची बारीक नळी खालच्या टोकाला मातीने पक्की बंद! पेट्रोल खाली जायचं, हवा वर यायची नाही, पोकळी झाली की पेट्रोल थांबायचं. ती नळी बंद करायची नसते, तिच्या टोकाला नायलॉनच्या जाळीचा तुकडा रबराने बांधा.

काय काय बांधलं, कुठे बोळा घातला, ते कागदावर लिहून कागद हँडलला अडकवा. चार महिन्यांनी आठवत नाही.

चेन, टायर, ब्रेक?

चेन रॉकेल आणि ब्रशने धुवा, पुसा, वाळल्यावर चेनचं वंगण किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल द्या, नेहमीपेक्षा हात सढळ. ओ-रिंगची (सांध्यांत रबरी कड्या असलेली) चेन पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं.

टायरमध्ये नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय हवा जास्त भरा आणि गाडी डबल स्टँडवर लावा. डबल स्टँड नसेल तर पंधरवड्याने गाडी थोडी पुढे ढकला, म्हणजे टायर एकाच जागी दबून बसणार नाही.

डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर तेल, स्प्रे काहीही उडू देऊ नका. डिस्कवर गंजाचा पातळ थर येईल, तो येऊ द्या, चार ब्रेकांत जातो. ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी पितं. दोन वर्षं झाली असतील तर परत आल्यावर बदलून घ्या.

स्कूटरला हेच सगळं?

चेन सोडून हेच. बेल्टच्या खोक्याची हवा घ्यायची जागा उंदरांपासून सांभाळा.

इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर?

लिथियमची बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, पूर्ण रिकामीही नको. साधारण निम्मी भरलेली ठेवा आणि महिन्याने बघा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

घरात पाणी शिरलं तर?

२०२१ च्या जुलैत सत्तरी आणि डिचोलीत पूर आला तेव्हा बऱ्याच गाड्या बुडाल्या. तेव्हाही आणि नंतरही लोक एकच चूक करतात: पाणी ओसरलं की ‘बघू तरी’ म्हणून स्टार्टर दाबतात. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. चावीला हात लावू नका. बॅटरी काढा, गोड्या पाण्याने चिखल धुवा, ऑइलची कांडी बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. मग टेम्पोत घालून गॅरेजला न्या. धुण्याआधी फोटो काढा, विम्याला लागतात.

उभीच आहे तर विमा कशाला भरायचा?

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण उभ्या गाडीवर झाड पडलं, पूर आला, चोरी झाली तर थर्ड पार्टीतून तुम्हाला काही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण लागतं, आणि नेमकं पावसातच लागतं. शिवाय मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. बोटीवर जाणाऱ्यांनी जायच्या आधी तारीख बघावी. पीयूसीची मुदतही बघा. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षभराची असते.

परत आलो. आता चालू कशी करू?

बॅटरीच्या आधी बोळे. हँडलवरचा कागद घ्या, जाळ्या आणि फडकी काढा, एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. मग टायरमध्ये हवा, ऑइलची पातळी, टाकीत टॉर्च. बॅटरी लावा, प्लस आधी.

इग्निशन बंद ठेवून आठ-दहा कीक मारा, ऑइल वर चढतं. कीक नसलेली गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून थोडी ढकला. क्लचच्या प्लेटी चिकटल्या असू शकतात, म्हणून इंजिन चालू करण्याआधी गाडी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून पुढे-मागे हलवा. चाक मोकळं फिरलं म्हणजे सुटल्या. हे न करता पहिला गिअर टाकलात तर गाडी तुम्हाला घेऊन अंगणाच्या गडग्यावर जाईल.

चालू झाली की निळा-पांढरा धूर येईल. घाबरू नका, प्लगमधून घातलेलं तेल जळतंय. दोन-चार मिनिटांत थांबेल. रेस करू नका. पहिले दोन किलोमीटर गावातल्या रस्त्यावर, ब्रेक हलके दाबत दाबत. आल्यावर गाडीखाली कुठे थेंब पडलाय का बघा.

आमच्याकडे हे सगळं दसऱ्याच्या आठवडाभर आधी उरकतो, म्हणजे पूजेला गाडी चालू असते. झेंडूचा हार हेडलाइटला घाला, हँडलला नको. गेल्या वर्षी तो अॅक्सिलरेटरच्या केबलमध्ये अडकला होता.